कोपीचे बांबू

ऊसतोडीवरून परत आल्या की तांड्यातल्या बाया आधी घराचं कुलूप काढतात आणि मग दोन दिवस नुसत्या झोपून काढतात. त्या उन्हाळ्यात प्रयागबाईनं कुलूप काढलं आणि ती उंबऱ्यावरच बसून राहिली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायचं होतं, पण मान वाकत नव्हती. मागून तिचा नवरा बाबूसिंग आला. त्यानं गाठोडं उतरवून घेतलं.

"काय झालं व?"

"काई नाई. मान आखडली."

"उद्या होईन मोकळी."

"उद्याचं नाई सांगून राह्यली मी. पुढच्या साली मी येत नाई."

बाबूसिंग हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं ताडपत्री, भांडी, दोन कोयते एकेक करून घरात नेले. शेवटी कोपीच्या बांबूंची मोळी खांद्यावरून उतरवली आणि टिनाच्या आढ्याखाली तारांनी टांगून ठेवली. कोप म्हणजे फडावर राहायची झोपडी. चार-सहा महिने घर म्हणायचं ते तिलाच. तिचे लांब, सरळ, वर्षानुवर्षं धुरानं पिवळे पडलेले बांबू दर साली तांड्यातून निघायचे आणि दर साली परत येऊन त्याच तारांना टांगले जायचे.

मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाचट सोलून मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता मुकादम सहसा घेत नाही. म्हणून प्रयागबाई जाणार नसेल तर बाबूसिंगचंही जाणं बंद. हे दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

लग्न झालं त्याच साली ती पहिल्यांदा फडावर गेली होती. मुलगी फडावर जन्मली आणि वाढली, आता मंगरूळपीरकडे नांदते. मुलगा पुण्याला एका कारखान्यात लागला. फोन करतो, पण त्याचं त्यालाच पुरत नाही. घरी आता दोघंच. आणि दोघंच असल्यामुळे प्रयागबाईच्या मनात एक हिशेब सारखा घोळत होता. दोन माणसांना लागतं ते काय?

तांड्यातली प्रत्येक बाई दर उन्हाळ्यात म्हणते, पुढच्या साली येत नाही. पोळ्याला मुकादम उचल घेऊन येतो, म्हणजे कामाआधीचा आगाऊ पैसा. कोणाचं छप्पर गळत असतं, कोणाकडे लग्न निघालेलं असतं. दिवाळीपर्यंत तीच बाई ट्रकमध्ये बसलेली दिसते. प्रयागबाईनंही हे अनेकदा म्हटलं होतं आणि अनेकदा ती ट्रकमध्ये बसली होती. या वेळी तिनं फक्त म्हटलं नाही, आखणी केली.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर थंड झालेल्या चुलीतली राख तिनं सुपात घेतली. सकाळी घरामागच्या वाडग्यात, म्हणजे मोकळ्या आवारात, ती राखेनं रेघा ओढू लागली. इथं वांगी, इथं मिरची, इथं सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी. न्हाणीचं पाणी या कोपऱ्यातून निघेल, या खड्ड्यात वाळू आणि कोळशातून गाळलं जाईल, मग या चरातून सगळ्या वाफ्यांना फिरेल. बाबूसिंग दात घासत उभा होता.

"रांगोळी काढून राह्यली काय? कोन येनार हाय?"

"भाजीपाला येनार हाय."

"अन् चहापत्ती? थे बी इथंच लावशीन?"

"चहा सोडून देऊ."

"मंग फडावर गेलेलं बरं," बाबूसिंग म्हणाला, आणि दोघंही हसले. त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच हसले असावेत.

नंतर मात्र तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं अट घातली. तांड्यात आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, चालते. पण मानोऱ्याच्या बाजारानं आता त्यात बरीच वऱ्हाडी मिसळली आहे, आणि अटीच्या गोष्टी माणसं बाजाराच्या भाषेतच करतात.

"धान्य राशनचं हाय," तो म्हणाला. "मी वावरात मजुरीले जातो, सोयाबीन, तूर, हरभरा. कपडा अन् दवाखाना त्याच्यात होईन. पन तेल-मीठ या वाडग्यातून निघालं पायजे. दिवाळीच्या आत. निघालं तं उदयसिंगले मी सोता नाई म्हनतो. नाई निघालं तं तू मुकाट्यानं चालशीन."

"चालन," ती म्हणाली.

उदयसिंग म्हणजे तांड्यातलाच मुकादम, बाबूसिंगचा चुलतभाऊ.

वाडग्याची जागा प्रयागबाईनं नीट विचार करून निवडली होती. घराच्या पाठीमागे थोडं अंतर सोडून तांड्याचं सभागृह आहे. त्याची उंच, सलग, सिमेंटची भिंत वाडग्याची एक बाजू पूर्ण बंद करते. तांड्यात बकऱ्या मोकाट. कुंपण घालायचं तर काटेरी फांद्या तोडून वाहून आणायच्या आणि दर महिन्याला पुन्हा बांधायच्या. इथं एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आपलं घर. उरलेल्या दोन बाजूंचंच काम. शिवाय वारा अडतो आणि वेल चढवायला आधार मिळतो. एका भिंतीत तीन कामं होत होती. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला अशी जागा सापडली की चोरीला गेलेला माल सापडल्यासारखा आनंद होतो.

उन्हाळाभर ती राबत होती. एकच भांडं बसेल अशी जुनी चूल तिनं फोडली आणि पांढऱ्या मातीची, मागे दुसरं भांडं बसेल अशी लांबट चूल घातली. पुढच्या जाळावर भाकरी आणि वाया जाणाऱ्या आचेवर वरण. जळण निम्म्यावर आलं. सभागृहाच्या डागडुजीतून उरलेली सिमेंटची रिकामी पोती मागून आणली, झटकून झटकून धुतली आणि माती-शेणखत भरून त्यांत मिरची-वांग्याची रोपं लावली. बियाणं आसेगावच्या बहिणीकडून, वालाच्या शेंगा मजुरीच्या वावरातल्या बांधावरून. साबण फक्त कपड्यांना, भांडी राखेनं. कारण साबणाचं पाणी झाडाला चालत नाही, हे तिला एक वाफा जळल्यावर कळलं. मान दुखायची. दुखली की ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायची आणि मग पुन्हा कुदळ घ्यायची.

वेलांसाठी काठ्या लागत होत्या. नाल्याकाठी बेशरमाच्या झुडपांतून ती काठ्या तोडून आणी. वेड्यावाकड्या, आखूड, पावसात कुजणाऱ्या.

"घरात बांबू टांगले हायेत," बाबूसिंग एकदा म्हणाला, "अन् तू नाल्यात कायले मरून राह्यली?"

"थे फडाचे हायेत."

असं म्हणून ती पुन्हा नाल्याकडे गेली. फुटक्या मडक्याचं तोंडसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या त्या बाईला डोक्यावर टांगलेले बांबू दिसतच नव्हते.

पावसाळ्यात वाडगं तरारलं. भेंडी निघाली, चवळी निघाली, कोहळ्याचा वेल सभागृहाच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत गेला. घरची भाजी खाऊन थोडी उरू लागली आणि प्रयागबाई ती टोपल्यात घालून मानोऱ्याच्या बाजारात बसली. पहिल्या वेळी तेल आलं, मीठ राहिलं. पुढच्या वेळी दोन्ही आलं. पण पावसाळ्यात सगळ्यांच्याच दारात भेंडी असते. खरी परीक्षा हिवाळ्याची. वाल, वांगी, मिरची, टमाटे भरात यायला हवे होते. ते दिवाळीला धरले की पुढचे चार महिने निभतील अशी तिची आखणी होती.

पोळ्याला उदयसिंग मोटारसायकलवरून आला. वाडगं बघून त्यानं शिटी वाजवली.

"भाभी, भेंडी तोडाले बी कोयता लागते काय?"

"लागला तं तुमाले बलावीन."

"मले नको बलावू, माया ट्रकची वाट पाहा." मग तो बाबूसिंगकडे वळला. "उचल आनली हाय. घेतो का ठेवू?"

"दिवाळीपर्यंत थांब."

"तुयासाठी एका कोयत्याची जागा ठेवतो. पन ट्रक निघाल्यावर मंग मायाकडं पाहू नको, भाऊ. मले बी वर जबाब द्या लागते."

दसरा झाला आणि काहीतरी बिघडलं.

आधी टमाट्याची फुलं गळू लागली. वांग्याची झाडं उंच, बारीक, पिवळट झाली. पानं मोठाली, फळ नाही. कोहळ्याच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुरी आली. वालाचे वेल नुसते वाढत होते. प्रयागबाईनं ताक शिंपडलं, राख धुरळली, शेणपाणी घातलं. न्हाणीचं पाणी पुरेना म्हणून हातपंपावरून घागरी आणल्या. तिला वाटलं मातीत खोट आहे. मग वाटलं बियाण्यात आहे. मग, थकून वाफ्याच्या कडेला बसलेली असताना, वाटलं की खोट आपल्यातच आहे. ज्या हातांनी जन्मभर नुसतं तोडलंच, त्यांच्यानं काही लागणार कसं?

बाबूसिंग सोयाबीन काढायला जाऊन अंधार पडायच्या बेतात यायचा. वाडग्याकडे एकदा बघायचा आणि हात-पाय धुवायला जायचा. ते बघणं तिला लागायचं. बाजारात नेण्यासारखं आता फक्त सांबार आणि मेथी होती. त्यात मीठ आलं, तेल नाही.

तांडा बांधाबांध करू लागला होता. ज्या दारांतून पावसाळाभर आवाज यायचे तिथं आता पोत्यांच्या तोंडाला दोऱ्या आवळल्या जात होत्या. मागे राहणार ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

अशाच एका सकाळी शेजारची ललिताबाई काखेत चटई घेऊन निघाली. म्हातारीला दिसायचं कमी, ऐकू यायचं चांगलं. पावसाळाभर ती प्रयागबाईच्या वाडग्याशी येऊन बसायची, भिंतीला पाठ लावून, आणि हे लाव, ते काढ असं सांगायची. आज मात्र ती वाडग्यावरून तशीच पुढे गेली आणि सभागृहाला वळसा घालून पलीकडे निघाली.

"मावशी, तिकडं कायले चालल्या? बसा ना इथं."

"इथं कायले बसू, हिवानं मरू काय? ऊन तिकडं हाय."

"इथं बी येईन ऊन थोड्या वेळानं."

ललिताबाई थांबली. "कोनाच्या घरचं येईन? इथं होयीपर्यंत ऊन येत नाई. आमी बुढे-बुढ्या समदे हिवायात त्या बाजूले बसतो. हे सभागृह बांधलं तईपासून या बाजूले नुसती ओल असते."

प्रयागबाईनं वर पाहिलं. मान वळत नव्हती म्हणून सगळं अंगच वळवून पाहिलं. सूर्य सभागृहाच्या मागे होता. दिवस चांगला वर आला होता, पण भिंतीची सावली वाफे ओलांडून तिच्या घराच्या पायरीपर्यंत आली होती. पावसाळ्यात सूर्य डोक्यावरून जायचा, तेव्हा ही सावली भिंतीच्या पायाशी गुंडाळून पडलेली असायची. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो, खालून खालून जातो, आणि भिंत आपली सावली पसरते. शाळेच्या भूगोलात हे असतं. प्रयागबाई शाळेत गेली नव्हती. पण शाळेत न गेलेली ललिताबाईही हे जाणून होती, कारण ती इथं होती. प्रयागबाईनं लग्नापासून एकही हिवाळा या घरात काढला नव्हता. फडावर ऊस तुटत जातो तशी सावली संपत जाते. तिथं सावली कुठं पडते हे बघायची वेळच येत नाही. आपल्याच घराच्या मागे हिवाळ्यात ऊन येत नाही, हे घराच्या मालकिणीला माहीत नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, आवाज चढला होता, "तुमी पावसाळाभर इथं बसल्या. मले सांगितलं काहून नाई?"

"मले वाटलं, तू बी जाशीनच." म्हातारी सहज म्हणाली, दुखवायला नाही. "समद्या म्हनतात नाई जात, अन् समद्या जातात. जानाऱ्या बाईले हिवायाचं काय सांगा?"

ललिताबाई चटई घेऊन उन्हाकडे निघून गेली.

त्या दिवशी तिनं पाणी घातलं नाही. ती घराच्या पायरीवर, सावलीच्या कडेला बसून राहिली. एवढी थकली होती की रडूही आलं नाही. भिंत आपणच निवडली. कुंपण वाचेल म्हणून निवडली. दुपारी कपडे काढायला उठली तेव्हा तारेवर काहीतरी हाताला लागलं. वालाचा एक वेल कधीतरी कपड्यांच्या तारेवर चढून, तारेतारेनं घराच्या टिनावर जाऊन पसरला होता. टिनावर ऊन होतं. आणि त्या एका वेलाला जांभळ्या फुलांचे तुरे आले होते. एका तुऱ्याखाली बोटाच्या पेराएवढ्या शेंगा होत्या.

तिनं पुन्हा सगळं अंग वळवून वाडगं पाहिलं. सावली खाली होती, वर नव्हती. मुळं राहू देत सावलीत. शेंडे टिनावर पोचले की झालं. वाल, दोडका, कोहळं, सगळे वर नेता येतील. मेथी आणि सांबार सावलीतही बरी आहेत, ती तिथंच राहतील. मिरची-वांगी तर पोत्यांतच आहेत. घराच्या उगवतीला रस्त्याकडची पट्टी आहे, तिथं सभागृहाची सावली पोचत नाही. पण तिथं बकऱ्या आहेत, कुंपण लागेल. आणि जमिनीपासून टिनापर्यंत मांडव घालायला लांब, सरळ, न वाकणाऱ्या काठ्या लागतील. नाल्यातल्या काठ्या अर्ध्यातही पुरायच्या नाहीत.

तिनं राख आणली नाही, रेघा ओढल्या नाहीत. ती पोती उचलू लागली. पहिलं पोतं डोक्यावर घेतलं, मोळी घ्यायची तसंच, गुडघा टेकून, झटक्यात. रस्त्याकडच्या पट्टीपर्यंत नेलं आणि उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ती भिंतीला धरून उभी राहिली.

बाबूसिंग त्या दिवशी लवकर परतला होता. सोयाबीन संपलं होतं. तो रस्त्यातच उभा राहून बघत होता. मग आला आणि पोती उचलू लागला. सगळी नेऊन झाली तेव्हा दोघं पायरीवर बसले. तिनं त्याला भिंत दाखवली, सावली दाखवली, टिनावरचा वेल दाखवला.

"तेल-मीठ तं निघालं नाई," तो म्हणाला.

"नाई निघालं."

"उदयसिंग उद्या येते."

"माहीत हाय." तिनं हाताची माती झटकली. "मी बोलली होती, चालन म्हनून. चालन मी. पन एक गोठ सांगा. मी काय म्हनून थे बांबू ठेवले? उन्हायापासून नाल्यात काठ्या तोडून राह्यली, अन् बांबू वरचे वर. मावशीनं सांगितलं नाई, तिले वाटलं मी जाईन. मले बी तसंच वाटत होतं. मनातून."

बाबूसिंगनं आपले तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले. डाव्या हाताचं मधलं बोट त्याला मिटता येत नव्हतं. हे तिला माहीत होतं, पण तो त्याविषयी कधी बोलत नसे.

"फडावर अंधारात उठा लागते ना," तो म्हणाला, "तवा हात पहिले चुलीवर धरतो मी. तू म्हनते चहासाठी बसला. चहासाठी नाई. धरल्याशिवाय कोयता पकडनं होत नाई. दोन साल झाले."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोलून काय? तू मोळी उचलत होती."

प्रयागबाईनं आत टिनाखाली टांगलेल्या मोळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माया हात वर जात नाई. तुमी काढा खाली."

तो उठला. आत जाऊन त्यानं तारा सोडल्या आणि बांबूंची मोळी वाडग्यात आणून टाकली. कोयता घेतला. पहिला बांबू उभा धरून तो थांबला.

"फाडले की मंग कोप होत नाई याची."

"फाडा."

कुंपणासाठी अर्धे बांबू फाडले आणि मांडवासाठी अर्धे सबंध ठेवले. कोयता ऊसतोडीचा होता. बांबूच्या गाठीशी तो अडायचा, तेव्हा बाबूसिंग शिव्या द्यायचा आणि ती दगडानं पात्यावर ठोकायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीच्या पायापासून टिनापर्यंत तिरपे बांबू उभे राहिले. प्रयागबाई वेलांचे शेंडे एकेक करून सुतळीनं वर बांधत होती, तेवढ्यात मोटारसायकल थांबली.

उदयसिंग खाली उतरलाच नाही. त्यानं मांडव पाहिला, रस्त्याकडचं कुंपण पाहिलं, आणि फाडलेल्या बांबूंची पिवळी कातडी ओळखली.

"अरे बापा! कोपच फाडली?"

"हाव," बाबूसिंग म्हणाला.

"अन् हे नाई पिकलं तं?"

बाबूसिंगनं प्रयागबाईकडे पाहिलं. तिनं सुतळीची गाठ दातानं ओढून घट्ट केली. "नाई पिकलं तं मेथी खाऊ."

"रोज?"

"तुमी या एक दिवस जेवाले. उन्हायात याल तवा."

उदयसिंग हसला, पण त्याचा चेहरा ओढलेला होता. एका कोयत्याची जागा रिकामी गेली होती आणि आता त्याला दुसऱ्या तांड्यात हिंडावं लागणार होतं. "बाबू, पुढच्या साली येशीन तं बांबू तुये तू आनशीन. मी नाई देनार." गाडी सुरू करून तो गेला.

दोन दिवसांनी ट्रक निघाले. जाणाऱ्या बायांनी रस्त्यावरून कुंपणाकडे पाहिलं. कोणी हात हलवला, कोणी पाहून न पाहिल्यासारखं केलं. धूळ बसल्यावर तांडा एकदम मोठा वाटू लागला. बाबूसिंग आसेगावच्या वाटेवर एका वावरात हरभरा पेरायला गेला.

पोत्यांतली वांगी मलूल झाली होती. जगतील की नाही, सांगता येत नव्हतं. प्रयागबाईनं त्यांना पाणी घातलं. मग आतून पोत्याचा तुकडा आणला आणि सभागृहाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथं म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसली होती. ललिताबाईनं पावलांचा आवाज ऐकला.

"कोन?"

"मी प्रयाग."

"तू? गेली नाई?"

"नाई."

ललिताबाई थोडी सरकली. प्रयागबाईनं तिच्या बाजूला पोतं अंथरलं आणि भिंतीला मान टेकली. सिमेंट उन्हानं तापलेलं होतं. तिनं डोळे मिटले. घरी पाणी भरायचं होतं, चूल सारवायची होती, वेलांची उरलेली टोकं बांधायची होती.

"इथं ऊन किती वेळ असते, मावशी?"

"असते," ललिताबाई म्हणाली. "बस."